रिकाम्या खोलीतला आकडा

५ ऑगस्ट
आज कामावर रुजू झालो. कितीतरी महिन्यांनी मन हलकं आहे. माझी लेक ठकी ज्या विभागात दीड वर्ष शिकली, तिथंच, तिच्याच प्रयोगशाळेत मला सफाईचं काम मिळालं. ठकी जाऊन आठ महिने झाले. साध्या तापाचं निमित्त झालं, नऊ दिवसांत सगळं आटोपलं. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, या वयात तुम्हाला हे जड जाईल. मी म्हणालो, लेक काय करत होती ते एकदा डोळ्यांनी पाहायचंय. त्यांनी अर्जावर सही केली.
मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. नॅनोतंत्रज्ञान म्हणजे काय, ते तिनं फोनवर सांगितलं तेवढंच ठाऊक. केसाच्या जाडीचे लाखभर भाग करायचे, बाबा, त्यातल्या एका भागाशी माझं काम, असं म्हणायची. एमएस्सी झाली की कुणी चिपच्या कारखान्यात जातं, कुणी संशोधनाला. तिला औषधांकडे जायचं होतं. दुखऱ्या जागी नेमकं पोचणारं औषध तिला करायचं होतं.

७ ऑगस्ट
ठकी काम करायची ती आतली खोली पाहिली. इतकी स्वच्छ जागा मी देवळातही पाहिली नाही. आत जायचं तर पांढरा अंगभर झगा, टोपी, मास्क, हातमोजे. पुसायचं वरून खाली, एकाच दिशेनं, दरवेळी फडक्याची नवी घडी घेऊन.
यंत्रं सांभाळणाऱ्याला सगळे मोजणीबुवा म्हणतात. त्यानं भिंतीवरचा आकडा दाखवला. तो हवेतले कण मोजतो. खोली रिकामी असली की आठ. एक माणूस आत गेला की अठ्ठावन्न. माणूस कितीही झाकला तरी गळतोच, म्हणाला, कातडीचे कण, केसांचे कण. छतातले पंखे ते ओढून जाळीत गाळतात. वर मला म्हणाला, "मामा, तुम्ही आंघोळ करून आलात तरी इथं धुरळाच."
खूप दिवसांनी हसलो.

१२ ऑगस्ट
झग्यांच्या कपाटात ठकीचा झगा अजून टांगलेला आहे. दर आठवड्याला सगळे झगे धुवायला जातात. हा द्यायला कुणाचं मन झालं नाही. गळपट्टीला एक लांब केस होता. मोजणीबुवा म्हणाला, आता देऊन टाका, मामा. मी मान हलवली.
दिला नाही. आत नेऊन तिच्या टेबलाजवळच्या खुंटीला टांगला. पोटच्या पोरीचं शेवटचं उरलंसुरलं धोब्याच्या हाती कसं देऊ?

१३ ऑगस्ट
सकाळी खोलीत कुणी नव्हतं. काचेबाहेरून आकडा पाहिला. अठ्ठावन्न. मोजणीबुवानं यंत्र बदललं, तरी अठ्ठावन्न. तो म्हणाला, आत कुणीतरी आहे. मग स्वतःच हसला.
मी हसलो नाही. दुपारी आकडा चाळीस झाला, संध्याकाळी आठ. पंख्यांनी तिला ओढून नेलं.

१९ ऑगस्ट
घरून तिची शाल, उशीचा अभ्रा आणला. तिच्या आईला सांगितलं, इथं चांगलं धुऊन मिळतं. टेबलापाशी हळूच झटकले. बाहेर येऊन काचेतून आकडा पाहिला. अठ्ठावन्न. सूक्ष्मदर्शकापुढचं स्टूल आपणहून थोडं वळलं. ती बसताना वळवायची तसंच असणार.
परत आत जाऊन समोर बसून राहिलो. दवाखान्यात बोलायचं राहिलेलं सगळं बोललो. देवाचं नाव घ्यायला गेलो, ते ओठावरच अडलं.

२६ ऑगस्ट
ठकीची मैत्रीण शेजारच्या टेबलावर काम करते. तिचा नमुना तिसऱ्यांदा बिघडला. आत धूळ आहे म्हणतात. एक तारखेला परीक्षक येणार, कारखान्यातली नोकरी त्या नमुन्यावर आहे. जवळ येऊन म्हणाली, "काका, माझ्यासाठी एकदा नीट पुसाल?"
हो म्हणालो. पुसलं नाही.

२९ ऑगस्ट
घरात तिचं झटकण्यासारखं काही उरलं नाही. तरी अठ्ठावन्न. मी आत गेलो, तरी अठ्ठावन्नच. शंभराच्या पुढं जायला हवा. माझं गळतं ते हवेत राहतच नाही. तीच घेते.
तळहाताची साल कांद्यासारखी निघते आहे. दुखत नाही. घे, बाळा. बापाचं असतं कुणासाठी?

३१ ऑगस्ट
आज मी आत गेलोच नाही. मैत्रीण तीन तास एकटी आत होती. ती जाण्याआधी आकडा अठ्ठावन्न, ती आत असतानाही अठ्ठावन्न — हललाच नाही.
बाहेर येऊन तिनं हातमोजे काढले. बोटांची टोकं लाल, सोललेली. एक भुवई निम्मी गेलेली. म्हणाली, मोज्यांचा त्रास असेल, काका. आणि हसली.
ठकी, ही नाही. हिच्या घरी हिचा बाप —

१ सप्टेंबर, सकाळ
झगा धुवायला दिला. स्वतः दिला.
मैत्रिणीला दाराबाहेर थांबवलं. परीक्षक अकराला. तोवर आठ व्हायला हवेत.
भिंती पुसल्या. टेबल, स्टूल. वरून खाली.
पंखे पूर्ण वेगानं लावले. काचेबाहेर, झग्यांच्या कपाटापाशी उभा आहे. उजव्या हातानं लिहितोय, डावा पंखे बंद करायच्या बटणाजवळ.

एक्कावन्न.

सदतीस. टेबलापाशी धुरासारखं काही — खांदे आहेत. तिचेच.

चोवीस. बोलली. लहानपणी बोलायची तसं. "बाबा, थोडं थांबा ना."

सतरा. दाराबाहेर ती पोर विचारतेय, काका, येऊ का. थांब, पोरी, थोडंच —

तेरा. "बाबा."

डाव्या हाताला सांगतोय खाली ये. ऐकत नाही. देवा, बोट बटणावर — मी नाही, हे मी नाही क