नुसतं आक्का म्हटलं तर

मंगळवार, संध्याकाळ

समुपदेशनाच्या बाई महिनाभर सुट्टीवर चालल्यात. मी म्हटलं, "जावा आक्का, माझं काय अडतंय?" तर विचारतात, "हा राग नक्की कुठल्या आक्कावर आहे?"

डोकंच फिरलं. बेळगावात भाजीवालीलाही आक्काच म्हणतात, पुण्याहून इथं आलेल्या बाईंना काय कळणार? तासभर गप्प बसायचं आणि शेवटी असलं काहीतरी काढायचं. आई गेल्यावर मला वाढवणारी आक्का लग्न होऊन सदलग्याला गेली ती फिरकलीच नाही, हे यांना सांगितलं हीच चूक. तिचा यांच्या सुट्टीशी काय संबंध?

तशीच उठून आले. वाटेत भाजीवालीला हाक मारायला गेले, तर तोंडातून आक्का निघेना.

"मुकी झालीस व्हय गं?" ती म्हणाली.

कोथिंबीर तिथंच ठेवून आले. सगळं त्या बाईमुळं.