पुन्हा सही

लेइमारा, तुला आणि घरातल्या सगळ्यांना माझी माया.

मी बरा आहे. पाठ दुखते, पण झोप लागली की कळत नाही. आईचा खोकला थांबला का? रताळी लावलीत का?

इथे संत्र्यांची तोडणी संपत आली. आणखी एका हंगामाचा करार करावा, म्हणून मी मालकाला, गार्थला, इंग्रजीत चिठ्ठी दिली: मला ‘रिझाइन’ करायचंय.

दुसऱ्या दिवशी तो बागेतच आला. “कालमेट, आमचं काही चुकलं का रे? सोडून का चाललास?”

मला काहीच कळेना. शेजारच्या शिडीवरून सामसन ओरडला, “अरे शहाण्या, रिझाइन म्हणजे काम सोडणं! पुन्हा सही करायची तर री-साइन. अक्षरं तीच, पण ‘री’नंतर छोटी आडवी रेघ हवी. आणि बोलताना तिथे जरा थांबायचं.”

सगळे हसले. गार्थही हसला. “मग राहतोस ना?”

खरं सांगू? मला पटकन हो म्हणवेना. ‘चाललास’ हा शब्द कानावर पडला, तेव्हा आपला किनारा दिसला होता आणि पाण्यात उभी असलेली आपली धाकटी. अंगातला सगळा शीण क्षणभर उतरला होता.

मग वादळाने नेलेलं आपल्या घराचं छप्पर आठवलं आणि मी सही केली.

आईला एवढंच सांग, मालकाने मला आग्रहाने ठेवून घेतलं.

तुझाच दमलेला,
कालमेट