एकोणिसाव्या पानावरची गोगलगाय

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, कॉलेजच्या संग्रहालयात शंख-शिंपल्यांची कपाटे सांभाळून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, चहा पिऊन, चष्मा लावून आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत पोचले, तोवर तेच कंटाळले होते. यापूर्वीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती दोन होती आणि दोन्ही भाच्यावर रागावून केली होती.

१. राहत्या घरातील माझा अर्धा हिस्सा माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला, म्हणजे वरील भाच्यालाच, द्यावा. दुसरा अर्धा हिस्सा बहिणीचा आहे आणि आम्ही दोघी मिळून या घरात राहतो. कॉलेजात असताना भाच्याने माझा सर्वांत मोठा शंख राखदाणी म्हणून वापरला. तो शंख मी अद्याप धुतलेला नाही. तोही त्यालाच द्यावा, राखेसकट.

२. माझे फावडे, दोन चाळण्या आणि गुडघ्यापर्यंतचे बूट संग्रहालयातील सध्याच्या मॅडमना द्यावेत. बाई हुशार आहेत, पण खुर्चीतून उठत नाहीत. शिकारी गोगलगाय खुर्चीत बसून सापडत नाही. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर वळणावळणाचा उंचवटा दिसतो. तो जिथे संपतो तिथे वीतभर खणावे. आसपास रिकामे शिंपले पडलेले असतील आणि त्यांना एकेकच गोल, आत निमुळते होत गेलेले भोक असेल. ते तिनेच पाडलेले असते. शिंपल्याला पायात गुंडाळायचे, भोक पाडायचे आणि आतला जीव खाऊन टाकायचा, ही तिची रीत. दिसायला मात्र अगदी गरीब गाय.

३. हे कलम वाचले जात असताना भाच्याने मध्ये बोलू नये.

एकतीस वर्षांपूर्वी आमच्या विभागाचे सर किनाऱ्यावरच्या शंखांची पुस्तिका काढत होते. बहीण तेव्हा माझ्या हाताखाली कामाला होती. वर सांगितलेली गोगलगाय फक्त वाळूतच राहते, असे तिचे म्हणणे होते. वाळूतून सरकताना ती आपला भलामोठा पाय शंखावर ओढून घेते, त्यामुळे तो गोल शंख गुळगुळीत राहतो आणि त्यावर काही चिकटत नाही, हे तिने स्वतः वाळूत बसून पाहिले होते. मला मात्र एके दिवशी खडकांमधल्या डबक्यात तसाच शंख दिसला आणि तो चालत होता. मी वहीत लिहिले, "जिवंत. अधिवास: खडक." नवीन शोध लागला म्हणून सर खूश झाले. मीही झाले, खोटे कशाला बोलू.

बहिणीने शंख हातात घेऊन उलटसुलट पाहिला. सर्वांदेखत म्हणाली, "ताई, हा इतका खरबरीत कसा? तोंडाची कड एकाच बाजूने घासलीये. आणि आत शिरली तर गोगलगाय दार लावून घेते. हिचं झाकण कुठंय?"

"पडलं असेल वाटेत," मी म्हणाले.

सर तिला म्हणाले, "ताईंनी चालताना पाहिलंय. तुम्ही पाहिलंय का?"

तिने पाहिले नव्हते. तिने शंख परत डब्यात ठेवला.

तिसऱ्या दिवशी घरी मोरीवर डबा उघडला, तर शंखातून पाय बाहेर आले. गोगलगाईला इतके पाय नसतात. मेलेल्या गोगलगाईच्या शंखात एका खेकड्याने बिऱ्हाड थाटले होते आणि मी भाडेकरूचा पत्ता मालकिणीच्या नावावर लिहून मोकळी झाले होते. पुस्तिका अजून छापायला जायची होती. एक शब्द बोलले असते तरी पुरले असते. मी खेकड्याला शंखाबाहेर काढले, खिडकीतून फेकले आणि शंख संग्रहालयाच्या कपाटात नेऊन ठेवला. एकोणिसावे पान तसेच छापले गेले. बहिणीने महिन्याभरात काम सोडले आणि ती प्राथमिक शाळेत शिकवू लागली. तेव्हापासून आम्ही दोघींनी एकाच ओट्यावर स्वयंपाक केला, आजारपणे काढली, भाच्याला वाढवले, पण गोगलगाईचा विषय कधी काढला नाही. विद्यार्थी अजूनही ती शोधायला खडकांवर जातात आणि गुडघे फोडून घेऊन परत येतात.

गेल्या रविवारी मी हे कलम इथपर्यंत बहिणीला वाचून दाखवले. ती मटार सोलत होती.

"तो खेकडा ना," ती म्हणाली, "माझ्या बादलीत पडला. मी खिडकीखाली बूट धूत होते."

"म्हणजे तुला तेव्हापासून माहीत आहे?"

"त्याला दुसरा शंख दिला आणि संध्याकाळी सोडून आले. बिचारा उघड्यावर आला होता."

"मग सरांना का नाही सांगितलंस?"

"तू सांगशील म्हणून थांबले." तिने टोपली माझ्याकडे सरकवली. "बरं झालं, जिवंतपणी बोललीस. घे, तूही सोल."

मी सोलू लागले. रडू आले, ते तिने पाहिले आणि पाहिले नाही असे दाखवले. त्या दुपारी मी दोन तास गाढ झोपले. मला दुपारी झोप लागत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

सबब, संग्रहालयाने तिसऱ्या कपाटातील त्या शंखाची चिठ्ठी बदलावी. अधिवास: वाळू. बरोबर ओळखणारी म्हणून बहिणीचे आणि चूक करून लपवणारी म्हणून माझे, अशी दोन्ही नावे पूर्ण लिहावीत. पुस्तिकेचे एकोणिसावे पान मी लाल शाईने दुरुस्त केले आहे. ती प्रत सरांना मोठ्याने वाचून दाखवावी. ते आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत, त्यांना कमी ऐकू येते. बहिणीचे तर तेव्हाही ऐकू येत नसे.

४. माझे खासगी दोनशे शंख व सूक्ष्मदर्शक ~~बहिणीला~~ बहिणीच्या शाळेला द्यावेत.

(खाडाखोडीचा खुलासा: ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी आज सांगितले. त्यावर बहीण म्हणाली, "मग मला काही नको. सही मीच करणार." मी म्हटले, "अगं, दोनशे शंख आहेत." ती म्हणाली, "शाळेला दे. पेन आण.")

ठिकाण: घरची पुढची खोली.
दिनांक: ४ मार्च, मंगळवार, ओहोटी लागल्यावर.

सही: थोरली बहीण

साक्षीदार दुसरी: वकीलबाई. सही समक्ष झाली.

साक्षीदार पहिली: धाकटी बहीण, निवृत्त शिक्षिका. सर्व समक्ष पाहिले. तेव्हाही पाहिले होते.