इंजिनापुढचा नारळ

तीर्थरूप दत्तामामांना भाचा रामहरीचा ताडकळसहून साष्टांग नमस्कार. तुमचं गुडघ्याचं दुखणं उतारावर असेल आणि मामी तुम्हाला जिना चढू देत नसतील, अशी आशा करतो. इकडे सर्व ठीक आहे. (सर्व म्हणजे मी सोडून.)

मामा, रविवारी मानवतला रुपालीला बघायचा कार्यक्रम झाला. स्थळ तुम्हीच आणलेलं, म्हणून खबर मीच कळवतो. कार्यक्रमाला मी नव्हतो.

आमच्या घरची रीत तुम्हाला ठाऊक आहे. निजामाच्या काळात पहिली आगगाडी आली, तेव्हा ग्यानबा पणजोबांना वाटलं, कोळसा खाते, पाणी पिते आणि किंचाळते, म्हणजे ही देवीच. त्यांनी इंजिनापुढे नारळ फोडला आणि ड्रायव्हरनं खोबरं संपेपर्यंत गाडी हलवली नाही म्हणतात. तेव्हापासून सोयरिकीला निघताना इंजिनाला नारळ, तोही अनवाणी पायांनी फोडायचा. (आताचं इंजिन विजेचं आहे, ड्रायव्हर काच लावून वर बसतो आणि खोबरं मागत नाही, हे मी कासाबाई आत्याला सांगून पाहिलं.) आत्या खिडकीतून म्हणाली, "जा रे, आपल्या घरच्याला सोडून गाडी कधी गेली न्हाई!" मी फलाटाच्या टोकाला जाऊन हळद लावली, कुंकू लावलं, नारळ आपटला. फुटेना. पुन्हा आपटला. तेवढ्यात गाडी आत्या, चुलते आणि माझे नवे बूट घेऊन निघून गेली.

तिकडे मानवतला पोहे आले, मुलगी आली, आणि तिनं विचारलं म्हणे, "यातले नवरदेव कोणते?" आत्यानं बूट दाखवले.

इकडे मी तक्रारवही मागितली. स्टेशनवरचे भगवानराव भले गृहस्थ. त्यांनी वही दिली, स्वतःचा पेनही दिला. मी पट्टीनं समास आखून लिहिलं की गाडी शिट्टी न देता सुटली व मला कोणीही सूचना केली नाही. वाचून ते एवढंच म्हणाले, "अक्षर लय सुबक हाय. मास्तर हायत का तुमी?" मी मान हलवली. (होकारार्थी.)

मुलीकडच्यांनी येत्या रविवारी पुन्हा बोलावलं आहे. तुम्हाला पाथरीहून मानवत जवळ. त्याआधी एकदा जाऊन याल का? कारण खाली लिहितो, वर लिहायचा धीर झाला नाही.

आपला भाचा,
रामहरी

ता. क. शिट्टी झाली होती. दोनदा. भगवानराव फलाटभर ओरडत होते, "ओ नवरदेव, गाडी सुटायलीय, चढा की!" काल जाऊन मी तक्रारीखाली 'वरील मजकूर खोटा आहे' असं लिहून सही केली. त्यांनी चहा पाजला, त्यानं जास्तच लाजलो.

दुसरा ता. क. नारळ पहिल्याच फटक्याला फुटला होता. दोन वाट्या हातात धरून मी गाडी जाऊ दिली. आत्यानं फोनवर मुलीकडच्यांना मी बारावी पास आहे असं सांगितलं, तेव्हा मी शेजारी बसून गप्प राहिलो. मी दहावीला दोनदा नापास. रुपाली बी. एस्सी. आहे. तिनं सहज काही विचारलं असतं, तर मी कुठे बघितलं असतं? मामा, तिला खरं काय ते तुम्ही सांगा.

तिसरा ता. क. नको, सांगू नका. हे पत्रच तिला वाचायला द्या. शुद्धलेखन तीनदा तपासलं आहे.