फरशीखालचे पट्टे

४ नोव्हेंबर

आली एकदाची मशीन! छोट्या हत्ती टेम्पोतून उतरवताना चौघांना घाम फुटला. चामड्याच्या कडा छिलायची मशीन – नागपूरच्या कैलास मिस्त्रीनं एका बंद पडलेल्या पर्सच्या कारखान्यातून काढून दिलेली. हिरवा रंग उडालेला, टेबलाचा एक पाय गंजलेला. आई म्हणाली, "हे तं म्हातारी दिसते वं." असू दे म्हातारी. पदरी पडलं पवित्र झालं.

बाबा दाराकडे पाठ करून बसले होते. वळूनसुद्धा पाहिलं नाही. आयुष्यभर रापीनं, चामडं छिलायच्या सुरीनं, कडा छिलल्या त्या माणसानं. एक डोळा लहानपणीच गेलेला. दुसऱ्याच्या पडद्याचं ऑपरेशन दिवाळीआधी झालं. डॉक्टर स्पष्टच बोलले – मान खाली घालून, नजर लावून करायचं काम बंद म्हणजे बंद. पडदा परत सुटला तर परत बसेलच असं नाही.

म्हणून ही मशीन. चपलेच्या पट्ट्याची कड पातळ केली नाही तर दुमडल्यावर जाड वळ राहतो आणि चप्पल पायाला चावते. ते काम बाबांचं. चिकटवणं, दुमडणं, शिवणं माझं आणि आईचं. मला छिलायला कधी बसवलंच नाही. "बाईमानसानं रापीले हात लावू नाई." आता बसा! रापी आईकडे दिली आणि सांगितलं, लपव. बाबांना सापडता कामा नये.

५ नोव्हेंबर

आईनं मशीनची पूजा केली. हळद-कुंकू, तेलाची बोटं, हार, नारळ – सगळं साग्रसंगीत. बाबांनी बसल्या जागेवरून हात जोडले, तोंड मात्र भिंतीकडेच.

बटण दाबलं. घुर्र घुर्र झकास! पण पट्टा काही आत जाईना. खालचा दगडी रोलर नुसता फिरतोय, आणि पट्टा आपला जागेवर ढिम्म.

६ नोव्हेंबर

तोच प्रकार. कैलासला फोन लावला. "ताई, पट्टा दाबते तो वरचा पाय आवळा. नाई तं ढिला करा." आवळला. ढिला केला. "मंग पट्टा पाहा मोटरचा." पाहिला. नागपुरात बसून उंटावरून शेळ्या हाकतोय मेला! संध्याकाळपर्यंत हात काळे, डोकं गरम. सकाळी नोकरीवर, कापडाच्या दुकानातही गिऱ्हाइकावर खेकसले. शेठ बघत होता.

बाबा पडल्या पडल्या म्हणाले, "नाचता येईना, अंगन वाकडं." मी ताट आपटलं. जेवलेच नाही.

८ नोव्हेंबर

सापडलं! रोलरच्या दगडावर बोट फिरवलं तर बोट लाल. तेल आणि कुंकू! आईनं नेमकी तिथेच पाच बोटं ओढलेली. तेलावर चामडं घसरणार नाही तर काय होईल? आईला म्हटलं तर उलट मलाच – "देवाचं हाये ते. तोंडाले नाई तं काय पायाले लावू?" आता मशीनचं तोंड कोणतं आणि पाय कोणता हे त्या माउलीला कोण सांगणार.

पेट्रोलनं दगड धुतला. पट्टा सर्रकन आत गेला! मी टाळ्याच पिटल्या. बाहेर आलेला पट्टा उचलला – आणि त्याची चकाकीच गायब. वरचा गुळगुळीत थरच छिलून आलेला! बाबांना मी आयुष्यभर चामडं पालथं ठेवून छिलताना पाहिलं, खरखरीत बाजू वर. मीही तसंच घातलं. इथे गोल फिरणारी सुरी खालून असते. नुसता आवाज ऐकून बाबा ओरडले, "उलटा घातला काय वं?" आणि हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले. मला आधी राग आला, मग मीही हसले.

एक चांगला पट्टा वाया गेला.

१२ नोव्हेंबर

सुलट घातलं तरी कड सरळ येत नाही. लाटा येतात. एका ठिकाणी कागदासारखी पातळ, बोटभर पुढे जाड. दुमडलं की गाठ. टेबलाच्या पायाखाली पाचर मारली. सुरी घासली. पुन्हा लाटाच.

वर्ध्याचे चपलांचे दुकानदार मधुकरराव यायचे होते, ते आज घरी आले. सँडल हव्यात, लग्नसराईआधी. बाबांच्या हातची फिनिशिंग पाहून तेच वर्षानुवर्षं माल घेतात. "महादेवरावाचा माल म्हनून घेतो मी. कड अशी राह्यली तं मले दुसरा पाहा लागन." मी म्हटलं, होईल. कशाच्या भरवशावर म्हटलं कोण जाणे.

बाबा आतून सगळं ऐकत होते. मधुकरराव गेल्यावर म्हणाले, "रापी दे." मी म्हटलं, "डोळा घालवायचा आहे का?" "मधुकरराव घालवू का मंग?" मी रडले. आई मध्ये पडली.

१५ नोव्हेंबर

कैलास स्वतः आला. भला माणूस आहे, मी उगाच शिव्या दिल्या. दुपारभर बसला. सुरी काढून डोळ्यापुढे गरगर फिरवली आणि जीभ चावली. "ताई, सुरीची गोलाई गेली हाये. कोनीतरी आडदांडासारखी घासली. मले तवाच दिसाले पायजे होतं." म्हणजे कारखान्यातच वाट लागलेली! या जुन्या मशीनची सुरी नागपुरात मिळत नाही. आग्र्याला विचारतो म्हणाला. "तवर चालवा कशीबशी."

कशीबशी! मशीन घेतली ती बाबांचा डोळा वाचावा म्हणून. कशीबशी चालून काय उपयोग?

१६ नोव्हेंबर

आज अंगात काही त्राणच नव्हतं. मशीनपुढे नुसती बसून होते. बाबा काठी टेकत आले. एक पट्टा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला. परत फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग म्हणाले, "रोलर चामडं ओढते, म्हनून लाटा दिसतात. चामडं बसू द्या लागते. फरशीखाली दाबून ठेव. उद्या दुपारून काढजो, पयले नाई."

"असं असतं?"

"चाळीस वर्षं चामडं केलं मी. तू शिकवून राह्यली का मले?"

अंगणातली कडप्प्याची फरशी आणली. पट्टे रचले, वर फरशी, फरशीवर पाण्याची घागर. होईल तर होईल.

१७ नोव्हेंबर

झालं!!! दुकानातून आले, पर्स न काढता फरशी उचलली. कडा सरळ. पातळ. दुमडून पाहिलं – कुठे गाठ नाही! बाबांच्या गळ्यात पडले. "पाह्यलं?" एवढंच म्हणाले. आई भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. म्हटलं, आई, बघ तरी! "पाहून राह्यली," म्हणाली.

कैलासला फोन केला – सुरीची घाई नाही.

२६ नोव्हेंबर

ठरून गेलं आता. संध्याकाळी छिलते, दाबून ठेवते. दुपारी काढते, चिकटवते, शिवते. लाटा येतात, जातात. मशीनला मी म्हातारबाई म्हणते. नीट तेलपाणी करते – रोलर सोडून!

७ डिसेंबर

मधुकररावांनी पहिला माल नेला. कडेवर नख फिरवून पाहिलं. "महादेवरावाचाच हात हाये हा." मी म्हटलं, "मशीनचा आहे!" छाती फुगली माझी. बाबा खाटेवर उशीनं डोळे झाकून पडले होते.

१५ डिसेंबर

बाबा आताशा दुपारी मी येते तेव्हा झोपलेलेच असतात. कधी नव्हे ते. उजेड सहन होत नाही म्हणतात. डोळा लाल आहे. "थंडीनं होते तसं." ड्रॉप आईच टाकते. तिला म्हटलं, नीट टाकतेस ना? तर पदर तोंडाला लावून आत गेली. हिला काय झालं?

घर कसं ओकंबोकं वाटतं. काम चाललंय तरी.

२३ डिसेंबर

आईबाबांचं भांडण. मी अंगणातून ऐकलं. आई – "पुरे झालं आता, सांगून टाका." मला पाहिलं आणि दोघंही गप्प. काय सांगायचं? विचारलं तर बाबा म्हणाले, "तुह्या लग्नाचं हाये." पुन्हा तेच! मी म्हटलं, मला नाही करायचं, मी मशीनशी लग्न लावलंय. कोणी हसलं नाही.

१ जानेवारी

सकाळी बाबांनी पाण्याचा ग्लास धरायला हात पुढे केला तो भलतीकडेच. मी विचारलं. आधी काही नाही म्हणाले. मग म्हणाले, "एका बाजूनं सावली येऊन राह्यली. पडदा वढल्यावानी."

कधीपासून?

"झाले काई दिवस."

कालचे पट्टे फरशीखाली तसेच टाकून वर्ध्याची एसटी पकडली.

२ जानेवारी

पडदा सुटला. मोठा भाग. डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, "मान खाली घालून काम केलं का?" मी ताडकन म्हटलं, "रापीला हात लावू दिला नाही डॉक्टर, मशीन घेतली आहे त्यासाठी!" बाबा खाली पाहत बसले. डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. उद्या ऑपरेशन.

४ जानेवारी

ऑपरेशन झालं. फार आशा धरू नका म्हणतात. उजेड आणि अंधार कळेल, कदाचित तेवढंच. मी किती जपलं त्या डोळ्याला! देव आहे की नाही? बाबा पालथे झोपून आहेत, तसंच झोपायला सांगितलंय. माझा हात चाचपून धरला. "म्हातारबाई कशी हाये?" म्हणे. मी म्हटलं, मस्त आहे, तुमची वाट पाहतेय. बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले.

६ जानेवारी

मावशीला बाबांजवळ बसवलं आणि कपडे न्यायला घरी आले. पट्टे फरशीखालीच होते, इतके दिवस. फरशी उचलली.

लाटा. सगळ्यांना. मशीनमधून निघाल्या तशाच्या तशा.

मी आईकडे पाहिलं. ती खालीच बसली. "तू दुकानात गेली का ते माह्याकडून रापी घेऊन फरशीखालचे पट्टे छिलत बसत. लय वेळा नाई म्हनलं मी त्यायले. आयकलं नाई. 'पोट्टी खुश हाये,' म्हने, 'तिले वाटू दे मशीन चालते म्हनून.'"