गॅलरीतलं वारं

आईस, दीपमालाचा बेंगळुरूहून मनापासून जय भीम.

मी मजेत हाय. काळजी कामून करायलीस? सांजच्याला खोलीच्या गॅलरीत अशी गार झुळूक येती की जीव हलका होतो. तू दिलेली तुरीची डाळ काल मी तिथंच पाखडली अन् सगळी टरफलं खालच्या बाईच्या वाळत घातलेल्या साड्यांवर! बाई तणतणत वर आली, पर ताटातली डाळ बघून निवळली. बाई कलबुर्गीची निघाली, तिकडंबी तूरच पिकती. मग दोघींनी वाऱ्याला बसून चहा पिला.

आपली तूर बडवून झाली का? मी पाटी भरून द्यायची, तू तिवईवर उभी राहून वाऱ्यावर सोडायचीस.

गुडघा कसा हाय? यंदा पाटी कोण द्यायलंय तुला?

तुझीच,
दीपमाला