गाडीतली दुसरी बॅटरी

अगं, गॅरेजला कामावर निघालोय, गाडी खालीच आहे. तुझा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही.

गाडीत सीटखाली दुसरी बॅटरी बसवली आहे, फक्त गाण्यांसाठी. अ‍ॅम्प्लिफायरला जाड वायर ओढली. लाल वायरीला उगाच हात लावू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे. स्पीकर पोरीने निवडलेलेच ठेवलेत.

सकाळी गाडी चालू होत नसे, तेव्हा मी बॅटरी जुनी झाली म्हणायचो. तू दुपारभर गाडीत बसून पोरीने गायलेली गाणी लावतेस, हे मला ठाऊक होतं. ती गेल्यापासून घरात तिचा आवाज लावायची आपल्या दोघांचीही छाती होत नाही.

आता खुशाल ऐक. फक्त काच थोडी खाली ठेव. जेवायला आलो की मी जिन्यातच बसतो. काच बंद असली की तिचे शब्द कळत नाहीत.